आता काही हँग होत नाही

४ फेब्रुवारी
आजपासून डायरी. आणि मराठीत. मी मराठी बोललो की सबटायटल वाचल्यासारखं वाटतं, असं आत्या म्हणते. सहा महिन्यांत तिला गार करतो.
संकल्प: रोज लिहायचं, खरं लिहायचं, स्वतःची स्तुती करायची नाही.
मोठी बातमी. सिनियर लांब सुट्टीवर गेला, त्याला मुलगी झालीये. म्हणजे सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडे. एकट्याकडे! जाताना तो म्हणाला, बूथ हँग झाले तर होऊ दे, हात लावू नको, आपोआप सुटतात. मी हो हो म्हटलं. याला टेक्नॉलॉजी म्हणतात? हात न लावणं? माझ्यासारखा माणूस इतके दिवस दुसऱ्या खुर्चीवर कसा बसला हेच कळत नाही. (ही स्तुती नाही, निरीक्षण आहे.)

५ फेब्रुवारी
आमची लॅब काय करते ते लिहून ठेवतो. पुढे आत्मचरित्रात लागेल.
ज्यांचा आवाज आजारामुळे किंवा ऑपरेशनमुळे जाणार आहे, ते आधी इथे येतात आणि आपली रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवतात. ती आम्ही एका टॅबमध्ये भरून देतो. बटण दाबलं की माणसाचा स्वतःचाच आवाज येतो. वरच्या मजल्यावर बूथ, प्रत्येक बूथला एक कॉम्प्युटर. पण रेकॉर्डिंग त्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाही. नेटवर्कवरून थेट तळघरातल्या सर्व्हरवर लिहिलं जातं. एकच मोठं फोल्डर, सगळ्यांना दिसणारं. मस्त सिस्टिम.
प्रॉब्लेम एकच. तळघरात वायरिंग बदलतायत आणि सर्व्हरची बॅटरी मेलीये. इलेक्ट्रिशियन खाली काहीतरी ओढतो, सर्व्हर बसतो, परत उठतो. तोपर्यंत वरचे सगळे बूथ थिजतात. माउस हलतो, बाकी काही नाही. प्रोग्रॅम बंद करायला जा, बंद होत नाही. मारायला जा, मरत नाही. फोल्डर उघडायला गेलं की ती खिडकीपण थिजते. स्क्रीनवर एकच ओळ: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे.
ती ओळ बघून कसं वाटतं? खोलीत कोणी नसताना कोणीतरी दार वाजवतंय, असं.
नवीन बॅटरीची ऑर्डर: उद्या.

९ फेब्रुवारी
आज मूड नाही, पण संकल्प म्हणजे संकल्प.
आत्याचा रिपोर्ट आला. गेले कित्येक महिने घसा बसलाय, बसलाय म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.
आत्या स्विमिंग कोच आहे. पूलच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला सुधारते. घरी पण तोच व्हॉल्यूम. बाबांना अजून ‘धाकट्या’ म्हणते आणि बाबा अजून दचकतात. आज बाबा नुसते पंख्याचं बटण वर-खाली करत होते. शेवटी आत्याच म्हणाली, अरे, तुझा पोरगा आहे ना त्या आवाजाच्या दुकानात? मग झालं तर. ठेवेल माझा डबाबंद करून.
मी म्हटलं, आत्या, तुझ्या आवाजाचा एक तुकडा पण इकडचा तिकडे होणार नाही. माझा शब्द.
ती म्हणाली, आधी ‘शब्द’ नीट म्हणायला शीक.

१२ फेब्रुवारी
लाज गेली.
आत्याची पहिली सिटिंग. मी खास इस्त्रीचा शर्ट घातलेला. रेकॉर्डिस्ट ताईंनी तिला काचेपलीकडे बसवलं, माइक लावला, म्हणाल्या, सोप्यापासून सुरू करू, आधी नुसते आकडे म्हणा. आत्याने म्हटले, आणि ‘ऐंशी’वर खाली इलेक्ट्रिशियनने काहीतरी ओढलं. बूथ थिजला.
मी तळघरात पळालो. सर्व्हर उठत होता. वर आलो, बूथ तसाच. आत्या काचेपलीकडे हाताची घडी घालून बसलेली. रेकॉर्डिस्ट ताई शांत. म्हणाल्या, घाई नको, सुटेल. शेवटी सुटला. ‘ऐंशी’ नीट सेव्ह झालेलं, पुढचे आकडेही झाले. पण इज्जत गेली ती गेलीच.
बाबांच्या रिक्षात आत्या म्हणाली, इंजिनिअर साहेब, आवाज जायच्या आधी मीच जाईन तुमच्या त्या पेटीत. टांगून ठेवलंत की मला!
बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.
बस. आता हे हँग प्रकरण मुळापासून संपवायचं. आत्याच्या पुढच्या सिटिंगला बूथ एक सेकंद थिजला तर नाव बदलीन.

१३ फेब्रुवारी
सापडलं!! सेटिंगमध्ये एक शब्द आहे. फक्त एक शब्द!
आत्ता तिथे ‘हार्ड’ लिहिलंय. म्हणजे सर्व्हर गेला की बूथचा कॉम्प्युटर हातातलं वाक्य धरून दारात उभा राहतो. सर्व्हर येईपर्यंत हलत नाही. आला की जिथे थांबला तिथून पुढे. मूर्ख, पण इमानदार.
तिथे ‘सॉफ्ट’ लिहिलं की तो थोडा वेळ दार वाजवतो, उत्तर नाही आलं की हातातलं टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रोग्रॅमला तेवढं कळवतो की मागचं जमलं नाही. प्रोग्रॅमने ते ऐकायचं. आमचा रेकॉर्डिंग प्रोग्रॅम जरा जुना आहे, पण ऐकत असेलच. एवढं तर कोणीही ऐकतं.
सिनियरला विचारावं का? नको. घरी लहान बाळ आहे. माणुसकी म्हणून काही असतं.
सगळ्या बूथमध्ये ‘सॉफ्ट’ केलं. दार किती वेळ वाजवायचं तेही कमी केलं. तिष्ठत कशाला राहायचं?

१६ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियनने आज दोनदा लाइट घालवला. वर कोणाला कळलंसुद्धा नाही!
डायरेक्टर मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, अरे, जादू केलीस की. मी म्हटलं, मॅडम, बेसिक आहे. (पाठीवर थाप पडली. डाव्या खांद्यावर.)
बॅटरीचं आता तेवढं अर्जंट नाही. तरी ऑर्डर: पुढच्या सोमवारी.

१८ फेब्रुवारी
आत्याची दुसरी सिटिंग. एकदम लोण्यासारखी. एकदाही थिजलं नाही. मध्ये एकदा तळघरातून धप्प आवाज आला आणि आत्या बोलतच राहिली, स्क्रीनवरची रेघ पुढे जातच राहिली. माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाने.
आत्याने घरून कागदावर वाक्यं आणलेली. रेकॉर्डिस्ट ताई हसून हसून बेजार. ‘मला विचारून औषध बदला, मी मेलेली नाही.’ ‘टीव्हीचा आवाज कमी कर, माझा तर झालाच आहे.’ ‘कोण आलंय? बसवून घ्या, मी केस विंचरते.’ ताई म्हणाल्या, अहो, हसवू नका, माझाच आवाज टेपमध्ये येतोय. आत्या म्हणाली, येऊ दे, मला सोबत होईल.
घरी येताना घसा धरून बसली होती. पण खूश.

२० फेब्रुवारी
एक बारीक निरीक्षण. आधी लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डायरीत, यायचं, ‘अजून प्रयत्न चालू आहे’, आणि मग थोड्या वेळाने, ‘सर्व्हर ठीक’. आता येतं, ‘वेळ संपली’. आणि त्यानंतर काहीच येत नाही. ‘ठीक’ वगैरे काही नाही. नुसतं, वेळ संपली. मग पुढची, वेळ संपली.
मेसेज छोटे झाले, हे चांगलंच आहे. पण दिवसभर ती ओळ नजरेसमोर राहते. उगाच. म्हणून स्क्रीनवर दाखवणं बंद केलं. आता लॉग एका फाइलमध्ये जातो, जी मी दर शुक्रवारी वाचणार. संकल्प.

२३ फेब्रुवारी
रेकॉर्डिस्ट ताईंची जुनी सवय आहे. प्रत्येक सिटिंगनंतर सगळं पहिल्यापासून कानाने ऐकायचं. किती वेळ जातो! मी त्यांना ऑटोमॅटिक चेक बनवून दिला. फाइल आहे का, नाव बरोबर आहे का, लांबी बरोबर आहे का. तिन्ही बरोबर तर हिरवा टिपका. आत्याच्या दोन्ही दिवसांच्या फाइल्स लावल्या. सगळं हिरवं. शेतासारखं.
ताई म्हणाल्या, पण आत आवाज आहे की नाही, हे कोण बघतं?
मी म्हटलं, ताई, आठ सेकंदांची फाइल आठ सेकंदांचीच आहे, मग आत काय असणार, हवा?
त्या म्हणाल्या, नाही, मी आपलं विचारलं.
मॅडम म्हणाल्या, मस्त, आता दिवसाला एक माणूस जास्त घेता येईल. ताईंनी हेडफोन खुंटीला लावले. खुंटीला लावलेले हेडफोन कानासारखेच दिसतात. काय हे सुचतंय मला! मराठी सुधारतंय.

२७ फेब्रुवारी
शुक्रवार. लॉग वाचायचा होता. मीटिंग होती. (मीटिंग झाली नाही, पण तयारी केली होती.)
आत्याची चौथी सिटिंग. (तिसरी बुधवारी झाली, तीही लोण्यासारखी.) आवाज आता फारच खरखरीत. ताई म्हणाल्या, आज थोडंच करू. आत्या म्हणाली, दुकान बंद व्हायची वेळ आहे, आता काय थोडं करायचं! मग मला बाहेर घालवलं, बाबांसाठी काहीतरी बोलायचं होतं म्हणे. काचेतून तिचे ओठ दिसत होते. बराच वेळ बोलली. मध्ये एकदा कॉरिडॉरमधला दिवा लुकलुकला. तिची रेघ थांबली नाही. मी स्वतःलाच शाबास म्हटलं.

२ मार्च
मॅडमना डेमो द्यायचा म्हणून आत्याची एक फाइल वाजवली. ‘कोण आलंय?’ आणि मग बराच वेळ शांतता. आणि मग, ‘विंचरते.’
मॅडम म्हणाल्या, मधे काही नाहीये का?
मी म्हटलं, श्वास घेतीये. घशाचा त्रास आहे ना तिला.
ते तसंच असणार. बिचारी. इतकी दमते हे समोर बसून कळलंच नाही. काचेपलीकडून सगळे ठीकच दिसतात.
ती शांतता मात्र फार स्वच्छ होती. माइक चालू असला की मागे बारीक सूं असा आवाज असतो, खुर्ची करकरते. इथे ते पण नव्हतं. एकदम काळं. म्हणजे माइक उत्तम आहे.
आत्याला सांगितलं नाही. उगाच वाईट वाटेल तिला स्वतःबद्दल.

४ मार्च
सिनियरचा फोन. मागे बाळ रडत होतं. विचारलं, बूथ किती वेळा हँग झाले? मी म्हटलं, एकदाही नाही. म्हणाला, बॅटरी आली वाटतं. मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. म्हणाला, मग लाइट जात नाही का? मी म्हटलं, जातो की, रोज जातो.
मग म्हणाला, लाइट जातो आणि काहीच थांबत नाही? असं कसं? तू काही बदललंस का?
मी म्हटलं, थोडं ट्यूनिंग.
काय ट्यूनिंग, असं तो विचारत होता तेवढ्यात त्याला बाळाकडे बोलावलं. म्हणाला, परत करतो फोन. केला नाही. मी पण त्रास दिला नाही. काही लोकांना आपल्याशिवाय काम चाललेलं बघवत नाही. तो तसा नाही, पण तरी.

५ मार्च, दुपारी
डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे ओढलं. सोमवारीच. गाठ वाट बघणार नाही म्हणाले.
रेकॉर्डिस्ट ताईंचा फोन आला. म्हणाल्या, अरे हिरो, उद्याचा दिवस आहे हातात. आत्यांचं सगळं एकदा कानाने ऐकून घेऊ का? कुठे काही राहिलं असेल तर परत बोलतील त्या. अजून येतंय त्यांना बोलता.
मी चेक लावला. वरपासून खालपर्यंत हिरवं. मी म्हटलं, ताई, एकही लाल नाही. तिला कशाला अजून दमवायचं? घसा बघितलात ना तिचा?
त्या म्हणाल्या, तू घरचा आहेस, तू म्हणतोस तर राहू दे.
बरोबरच केलं. प्रेम म्हणजे माणसाला त्रास न देणं. हे वाक्य माझं स्वतःचं आहे.

८ मार्च
आज आत्या घरी फार बोलली. म्हणजे जितका आवाज उरलाय तितकं. सगळ्यांना कामाला लावलं. कपाट आवरून घेतलं, दुधवाल्याचा हिशोब आईला समजावला, बाबांना शर्ट बदलायला लावला. मला म्हणाली, तुझं मराठी सुधारलंय, आता शिव्या खाण्यालायक झालास. मग खोकली. बाबा म्हणाले, ताई, बास आता, जपून ठेव. ती म्हणाली, कशासाठी रे धाकट्या? ठेवलाय की जपून, याच्या पेटीत.
बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा अशी हलवली. विश्वासाने.
छातीत धडधडत होतं. कौतुकाची सवय नाही.

९ मार्च
ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर खूश. ती झोपलीये. गळ्याला पट्टी, त्यात एक छोटं भोक, त्यातून श्वासाचा आवाज येतो.
दुसरा काही येत नाही.

१३ मार्च
टॅब भरायला घेतला. ताईंनी खुंटीवरचे हेडफोन काढले. म्हणाल्या, क्रम लावण्यापुरतं ऐकते.
मी शेजारीच होतो. म्हटलं, मधेमधे ती श्वास घेतीये. एक फाइल. दुसरी. ताईंनी आवाज वाढवला. तिसरी. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, हे श्वास नाहीत रे.
मी म्हटलं, हेडफोनची वायर.
वायर बदलली. मग हेडफोनच बदलले. मग बूथ बदलला. मग शुक्रवारचा लॉग उघडला, कारण आज शुक्रवारच आहे. फाइल लांबच लांब. वेळ संपली. वेळ संपली. वेळ संपली. मी खाली सरकवत राहिलो, संपेना. लाइट जेवढ्या वेळा गेला त्याच्या कित्येक पट. नेटवर्क जरा दमलं तरी बूथनी हातातलं टाकलंय. दार किती वेळ वाजवायचं, ते मीच कमी केलं होतं.
टाकलं तिथे भोक. पुढचं पुढे लिहिलं. म्हणून लांबी बरोबर. म्हणून हिरवं.

१४ मार्च
सिनियर बाळाला घरी ठेवून आला. सेटिंगमधला तो एक शब्द बघितला. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, कधीपासून?
मी तारीख सांगितली.
तो म्हणाला, तेव्हापासून जेवढी माणसं येऊन गेली, सगळ्यांना फोन करायला लागतील. ज्यांना अजून बोलता येतंय त्यांना आधी.
मी म्हटलं, रिकव्हरी सॉफ्टवेअर असतं, बॅकअप असतो. तो म्हणाला, पुसलेलं परत आणता येतं. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार? बॅकअपमध्ये पण भोकंच आहेत.
शब्द परत ‘हार्ड’ केला. त्याने जाता जाता बॅटरी मागवली. फोनवरून. एका मिनिटात.

१६ मार्च
ताई आणि मी सगळं ऐकलं. काही वाक्यांना सुरुवात आहे, काहींना शेवट. बाबांसाठी बोललेल्या लांब फाइलमध्ये पहिला शब्द आहे आणि शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज.
पूर्ण शाबूत फक्त पहिल्या दिवसाचं, मी हात लावायच्या आधीचं. आकडे. एक ते शंभर, ‘ऐंशी’सकट.
पॉझिटिव्ह बघायचं तर आकडे पुष्कळ ठिकाणी लागतात. फोन नंबर. रिक्षाचं भाडं. औषधाच्या गोळ्या.
ताई म्हणाल्या, घरी तू सांगणार की मी सांगू? मी म्हटलं, मीच. योग्य वेळ बघून.

१७ मार्च
योग्य वेळ: उद्या.

१८ मार्च, संध्याकाळी
हॉस्पिटल. आत्या उठून बसली होती, केस विंचरलेले. मी पोहोचायच्या आधीच टॅब तिच्या मांडीवर. हिरवे टिपके बघून मॅडमनी परस्पर पाठवला, त्यांना वाटलं सरप्राइज. (भोकांचं त्यांना सांगायचंही माझ्याकडेच होतं.) बाबा स्टूल ओढून अगदी जवळ बसलेले. नवा शर्ट.
मी दारातच थांबलो. आत्याने बटणांवरून बोट फिरवलं, बाबांच्या फोटोचं बटण शोधलं आणि दाबलं.
‘धाकट्या,’ असा तिचा आवाज आला. खणखणीत. बाबा दचकले. मग हसले. मग पुढचं ऐकायला वाकले.
पुढे काही नाही. स्क्रीनवर रेघ सरकत होती.
आत्याने आवाज वाढवला. टॅब कानाशी धरला, बाबांच्या कानाशी धरला. मग माझ्याकडे बघितलं आणि बोटाने स्क्रीनवर टकटक करून भुवया उंचावल्या. हँग झालाय का?
मी म्हटलं, हो आत्या. हँग झालाय. थोडं थांब, आपोआप सुटेल.
तिने मान हलवली आणि टॅब बाबांच्या आणि तिच्या मधे नीट धरून ठेवला.
मी बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. काचेतून दिसतंय. दोघं अजून थांबलेत.